रंगाच्या बादलीवरचा देव

२८ एप्रिल, सोमवार

आजपासून रोजनिशी. ह्या घरात बोलण्यासारखं माणूस उरलेलं नाही म्हणून. बाबा फेब्रुवारीपासून माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण तिच्या तिसऱ्या वाक्याला 'माफीपत्र' येतं आणि मी उठतो.

वस्तुस्थिती लिहून ठेवतो, पुढे कोणी विचारलं तर असावी. म्हापशाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला, विभागप्रमुखांनी माझं जर्नल सगळ्यांसमोर वर धरून विचारलं, "ही रीडिंग्ज तू घेतलीस की स्वप्नात आली?" वर्ग हसला. मी बाहेर पडलो. दार मी आपटलं नाही, ते आपटलं. काच फुटली हा काचेचा दोष. आता दोन जूनपर्यंत माफीपत्र दिलं तर शिक्षण पुढे चालू, नाही तर नाव कमी. मी देणार नाही. आरोपच खोटा आहे. रीडिंग्ज स्वप्नात आली नव्हती, शेजारच्या सागरच्या जर्नलमधून आली होती.

संध्याकाळी आई भाकरी थापताना आपल्याशीच म्हणाली की देवळाच्या सभागृहात सुट्टीपुरतं मुलांचं खेळघर सुरू झालंय, कारापूरची कोणी मुलगी चालवते, तिला हाताखाली माणूस हवा आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मात्र जाऊ नको हां. तुका जमाचा नाय ता."

उद्या जाणार आहे.

२९ एप्रिल

गेलो. आणि आयुष्य बदललं. हे वाक्य मी विचार करून लिहीत आहे.

तिचं नाव तेजस्विनी. जमिनीवर मांडी घालून पोरांबरोबर सापशिडी खेळत होती. अठ्ठ्याण्णववरून सापाने तिला खाली आणलं आणि ती इतकी मनापासून हसली की मी दारातच थांबलो. हरताना इतकी सुंदर दिसणारी व्यक्ती मी पाहिलेली नाही. आमच्या घरात हरताना सगळे वाईट दिसतात.

तिने तिची पद्धत सांगितली. इथे शिकवायचं नाही, खेळू द्यायचं. मूल जे तोंडाने सांगू शकत नाही ते खेळून दाखवतं, आणि जे अंगाला सोसत नाही, हरणं, थांबणं, वाट बघणं, ते खेळात आधी सोसून बघतं. मी मान हलवली. मनात म्हटलं, खेळून माणूस शहाणा होत असता तर गल्लीगल्लीत क्रिकेट खेळणारा आपला देश कुठे गेला असता. पण तिच्या तोंडून ऐकताना शास्त्र वाटतं.

मुलं तिला तेजूताय म्हणतात. मी काहीच म्हणत नाही. बोलायचं असलं की समोर जाऊन उभा राहतो.

मी काय करतो, कॉलेज का सोडलं, तिने एका शब्दाने विचारलं नाही. असा समजूतदारपणा दुर्मिळ. निघताना एक डबा हातात दिला, म्हणाली, "काकींना सांग, मणगणं छान झालं होतं." आईच्या हातची खीर हिने कधी खाल्ली, दोघींची ओळख कधी झाली? आईला विचारलं तर म्हणाली, देवळात भेटते. बायका कुठेही ओळखी काढतात.

३ मे

लगोरीत हरलो. हरलो नाही, हरवलं गेलं. जयराम, वय वर्षं नऊ, त्याचा पाय रेषेच्या आत होता हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी मुद्दा मांडला. तो मान्य करेना. मी रेषा पुन्हा आखून, प्रत्येकाला जागेवर उभं करून, प्रसंग जसा घडला तसा दाखवला. तोवर पोरं पायऱ्यांवर बसून पाव खाऊ लागली होती.

तेजस्विनी कोपऱ्यात वहीत लिहीत होती. मी जवळ गेल्यावर तिने पान मिटलं. माझ्याबद्दलच असणार. नंतर तिने विचारलं, "देवेश, तुझा राग साधारण किती वेळ राहतो?"

म्हटलं, मला राग येत नाही, मला अन्याय दिसतो.

तिने तेही लिहून घेतलं. माझं वाक्य तिने जपून ठेवलं. आज झोप लागणार नाही.

६ मे

पोरांचा लाडका खेळ आज पहिल्यांदा पूर्ण पाहिला. त्याला ती 'देवाचा खेळ' म्हणतात. भिंत रंगवायच्या रंगाची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर देव बसतो. देव म्हणजे भागू, भाग्यलक्ष्मी, आठ वर्षांची, दोडामार्गहून आलेल्या काजूबागेतल्या कामगारांची मुलगी. दिवसभरात चार शब्द बोलते. देवाला बोलावं लागत नाही म्हणून ती देव. जयराम गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागतो, बाकीची पोरं 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि मग कौल, देवाचं उत्तर. भागूच्या दोन्ही गालांना जास्वंदीच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या देवळात करतात तसंच, फक्त तिथला देव दगडाचा.

गाऱ्हाणं जयराम हुबेहूब बाबांच्या आवाजात घालतो. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. वीज खात्यात लाईनमन असलेले बाबा दर सोमवारी ड्यूटीवर जाण्याआधी ते घालतात. तोच खोकला, तीच कमरेवरची मूठ. मी हसणार नव्हतो, पण हसलो.

भागू देव म्हणून कच्ची आहे. तिची मान हलते. पहिली पाळी आपल्याला मिळावी का, असं जयरामने विचारलं तर डावी पडली. लहान पोरांना आधी खेळू द्यावं का, तर लगेच उजवी. तेल जास्त चोपडत असतील गालांना. तेजस्विनीला मी ही त्रुटी दाखवून दिली. ती म्हणाली, "हो, पाहिलंय मी," आणि पुढे काहीच केलं नाही. पद्धतीत असे दोष राहतात.

१२ मे, सोमवार

आज डोकं फिरलं. देवाच्या खेळात जयरामने मोकळं मैदान मागितलं, पाऊस पडायच्या आधी काजूच्या बिया खेळायला चार दिवस जास्त मागितले, आणि मग बाबांच्या आवाजात म्हणाला, "आणि म्हाराजा, ह्या घरातल्या झिलाचो जो काय राग आसा, तो तुझ्या पायाकडे ठेवन घे, आणि तेचो पाय परत वाटेर घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी पोरं म्हणाली. मोठ्याने.

गावात राग असलेला आणि वाट सोडलेला मुलगा एकच. मी जयरामचा कान धरणार होतो. तेजस्विनी मध्ये आली. म्हटलं, ही पोरं माझी टिंगल करतात. ती म्हणाली, "मुलं मनाने रचत नाहीत, देवेश. ऐकलेलंच खेळतात."

असली वाह्यात गोष्ट ऐकायला मिळतेच कुठे त्यांना? घराघरांत माझा विषय चालतो, हे सिद्ध झालं. बाबा जेवताना समोर बसले होते. त्यांना सांगावं वाटलं, की तुमच्या आवाजात तुमच्या मुलाची थट्टा चालते. पण बोलत नाही म्हटल्यावर बोलायचं कसं.

१५ मे

तिला निखिल नावाचा भाऊ आहे. रोज चार वाजता फोन करतो, जेवलीस का विचारतो. इतकी काळजी करणारा भाऊ विरळा. तो डिचोलीला असतो आणि पुढच्या महिन्यात 'सगळं ठरवायला' दोन्हीकडची माणसं जमणार आहेत, असं कानावर आलं. शेतीच्या वाटण्या असाव्यात.

अशा घरात संबंध जुळला तर चांगलं.

१९ मे, सोमवार

आज धाडस केलं. तिला विचारावं की नाही, हा प्रश्न दहा दिवस छातीवर बसलाय. मित्रांना विचारलं तर हसतील. आईला विचारलं तर तिसऱ्या वाक्याला माफीपत्र. म्हटलं, देवालाच विचारू. खऱ्या देवळात गाऱ्हाणं बाबा घालतात, तिथे कसं जाणार? राहिला बादलीवरचा.

ती आत पाणी भरत होती तेवढ्यात मी जयरामला म्हटलं, माझ्यासाठी एक लाव. काय विचारायचं, त्याने विचारलं. म्हटलं, मनातलं आहे. त्याने खोकून गळा साफ केला आणि म्हणाला, ह्या देवेशदादाच्या मनात जा काय आसा, ता करूचा काय नाय, ता सांग रे म्हाराजा. भागूने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. इतका वेळ तिने कोणाकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

उजवी पडली. टपकन. डावी शेवटपर्यंत चिकटून.

हा खेळ आहे हे मला कळतं. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, म्हणजे होतो. पण उजवी ती उजवी.

२० मे

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

मुलं जमायच्या आधी तिला सांगितलं. वाक्यं पाठ केली होती ती उलट्या क्रमाने आली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हसली नाही. म्हणाली, निखिल तिचा होणारा नवरा आहे, साखरपुडा जानेवारीत झाला, तिला वाटलं मला ठाऊक आहे, कारण काकींना ठाऊक आहे. वहीचं विचारलं तर तिने वही सरळ हातात दिली. माझ्याबद्दल लिहिलं होतं, ते खरं. 'लगोरीत हरल्यावर पंचेचाळीस मिनिटं.' 'आज वीस.' 'आज हरला, उठून गेला नाही, पाणी प्यायला.' अशी चार पानं. प्रत्येक मुलाची असतात तशी. जयरामची सहा आहेत.

तेवढ्यात पोरं आली. भागू आपली बादली घेऊन आली आणि ठेवून बसली. आणि मी त्या बादलीला लाथ मारली. ती खाली पडली. बादली नाही, भागू. मी तिच्यावर ओरडलो, की तू खोटा कौल दिलास, तुझ्यामुळे माझं हसं झालं. ती रडली नाही. गुडघा पुसला, बादली उचलली आणि घरी गेली.

 

२४ मे

चार दिवस घराबाहेर पडलो नाही. भागू खेळघरात येत नाही. तिच्याशिवाय पोरं देवाचा खेळ खेळायला तयार नाहीत. हे आईकडून कळलं. तिला सगळं कुठून कळतं, हे विचारायचं मी आता सोडलं आहे.

त्यात देवस्थान समितीचे अध्यक्ष गोकुळदास घरी येऊन गेले. पोरं कौलाचा खेळ करतात, वरून मारामाऱ्या होतात, देवाच्या सभागृहात असली थेरं नकोत, मंगळवारी कुलूप लावतो, असं म्हणाले. बाबा ऐकत होते. गोकुळदासांनी त्यांना सांगितलं, "सदाशिव, गाऱ्हाण्याचो मान तुमचो. तुम्ही एकदा बघून येवा आणि काय ता सांगा. मगे कुलूप."

बाबांनी हो म्हटलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणजे माझ्या एका लाथेने तिचं अख्खं खेळघर जाणार. तिच्यावर सूड उगवायचा असता तर ह्याहून चांगला जमला नसता. मला उगवायचा नव्हता.

२५ मे

तेजस्विनीला वाटेत गाठून माफी मागितली. ती म्हणाली, माझी नको. मग म्हटलं, भागूच्या घरी जातो, चॉकलेट देतो. ती म्हणाली, "चॉकलेट तुझ्यासाठी सोपं आहे. मुलांनी काय ठरवलंय ते त्यांना विचार."

मुलांनी ठरवलं होतं. ज्याने खेळ मोडला त्याने देवासमोर उभं राहून स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं. जयराम घालणार नाही. आणि पोरांना पटलं तरच ती 'व्हय म्हाराजा' म्हणणार.

म्हटलं, हे पोरकट आहे. जयराम म्हणाला, "आमी पोरां आसंव."

२७ मे, मंगळवार

सकाळी दहा वाजता गेलो. भागूला जयराम घेऊन आला होता. ती बादलीवर बसली, गुडघ्यावर खपली. पाकळ्या तेजस्विनीने नाही, एका लहान मुलीने चिकटवल्या. तेजस्विनी दूर भिंतीला टेकून उभी होती, वहीशिवाय.

मी तोंड उघडण्याआधी एकच विचारलं. म्हटलं, भागू, त्या दिवशी उजवी तूच पाडलीस ना? तिने मान हलवली, जपून, पाकळ्या सांभाळून. का, म्हणून विचारलं.

देवाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "माका वाटला, तू परत कॉलेजात जावचा काय, ता इचारतंस. तुझो बापूस दर सोमवारी देवाक ताच इचारता. देव तेका उजवी कधी देणा नाय. म्हणान मी दिलंय."

  मग हात जोडले आणि सुरुवात केली. ते गाऱ्हाणं मी लहानपणापासून ऐकतो, पण तोंडातून कधी काढलं नव्हतं. शब्द पुढेमागे होत होते. म्हटलं, बा देवा म्हाराजा, मी सदाशिवाचा झील देवेश. देवाची बादली मी लाथाडली, लहान पोरीला पाडलं, तिच्यावर ओरडलो. चूक माझी. पोरं गप्प. 'व्हय' नाही. कोणी साथ दिली नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हटलं, जयरामचा पाय रेषेच्या बाहेर होता. तरी गप्प. म्हटलं, रीडिंग्ज सागरची होती. सागर कोण ते त्यांना माहीत नाही, तेव्हा गप्प बसणार हे योग्यच. मग म्हटलं, आणि कॉलेजातलं दार आपटलं नव्हतं. मी आपटलं. काच मी फोडली म्हाराजा.

"व्हय म्हाराजा."

मागून, दारातून. एकच आवाज. मला वाटलं जयराम, पण जयराम समोर होता. खाकी शर्टात, हातात हेल्मेट घेऊन बाबा उभे होते. समितीसाठी बघायला आले होते. सवयीने तोंडातून गेलं असणार, गाऱ्हाणं ऐकलं की जातं. मग सगळी पोरं म्हणाली, व्हय म्हाराजा, छप्पर उडेल असं.

कौल मात्र पडेना. भागूने ह्या वेळी मान दगडासारखी धरली होती. पंखा बंद. आम्ही सगळे उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझा घाम हनुवटीवरून टपकत होता, त्या पाकळ्या काही टपकेनात. शेवटी एक पडली.

डावी.

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ती पळायच्या तयारीत होती. मी नुसता उभा राहिलो. बाबा पुढे आले, वाकून पाकळी उचलली, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"एका खेपेक देणा नाय तो. माका इचार."

दुसऱ्यांदा लावली. उजवी. भागू आता म्हणते की दोन्ही वेळा तिने काही केलं नाही. देवावर किती विश्वास ठेवायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

समितीला बाबांनी काय सांगितलं ते आईकडून कळलं. देवाचा अपमान काही दिसला नाही, गाऱ्हाण्यात दोन ठिकाणी शब्द चुकत होते, ते पोरांना दुरुस्त करून दिले. कुलूप लागलं नाही.

२९ मे

निखिल खेळघरात आला होता. सभ्य आहे, हे त्याच्याविरुद्ध धरता येत नाही. कॅरममध्ये त्याने मला हरवलं. राणी त्याने बोर्डाला हात टेकवून घेतली, हे मी पाहिलं. बोललो नाही. तेजस्विनीची वही पलीकडे उघडी होती, त्यात काही लिहिलं गेलं का, मी पाहायला गेलो नाही. फार इच्छा झाली.

तिचं लग्न नोव्हेंबरात आहे. तोवर माणसाचं मन बदलू शकतं. पण हे मी आता फक्त इथेच लिहितो.

२ जून, सोमवार

आज बाबा पहिल्यांदाच सोमवारी देवळात उशिरा गेले, कारण सकाळी मला स्कूटरवरून म्हापशाला घेऊन गेले. ते गेटबाहेर थांबले.

माफीपत्र सात वेळा लिहिलं होतं. विभागप्रमुख काहीतरी टाइप करत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, कसलं पत्र? मी सांगितलं, काचेचं. ते म्हणाले, काच तर फेब्रुवारीतच बसवली. मग म्हणाले, कुठल्या बॅचचा तू? आणि शेवटी, "ठेव तिथे, ऑफिसला पाठवतो."

चार महिने मी ह्या माणसाशी भांडत होतो. त्याला पत्ताच नव्हता. कान तापले. दाराकडे पाहिलं. नवी काच होती, जुनीपेक्षा जाड. हळू लावून घेतलं.

बाहेर बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"ठेव म्हणाले."

"ठेवलंस?"

"ठेवलं."

बाबांनी चावी माझ्या हातात दिली आणि मागे बसले. त्यांची स्कूटर मी आजवर फक्त धुतली आहे. कोलवाळच्या पुलावर एका टँकरने आम्हाला मागे टाकलं, उगाच, हॉर्न मारत, अगदी अंगावर येऊन. बाबांचा हात माझ्या खांद्यावर आला. मी त्याच्यामागे लागेन ह्या भीतीने असेल. मी लागलो नाही, जाऊ दिला. टँकर केव्हाच दिसेनासा झाला, पण हात आमचं पार्से गाव येईपर्यंत तिथेच होता. काढायचा विसरले असतील.